चेंडू जाळीत टाकायचे पाचशे कोटी?

अनुजा_लोकमान्यनगर

रविवारी सकाळी पोहे खाताना आमच्याकडे एक वाद झाला. घरी तो मिटला नाही, म्हणून इथे घेऊन आले आहे.

माझी लेक चौदा वर्षांची. तीन वर्षं झाली बास्केटबॉल खेळते, पहाटे सव्वापाचला उठून इथे इंदुरात रेसकोर्स रोडच्या कोर्टावर जाते. तिने आजोबांना सांगितलं की अमेरिकेतला बास्केटबॉलपटू स्टीफन करी याला २०२५-२६ या एका हंगामाचे सुमारे ५.९६ कोटी डॉलर मिळतात. माझे सासरे बँकेतून निवृत्त झालेत, त्यांना आकडा ऐकला की तो मांडल्याशिवाय राहवत नाही. डायरीच्या मागच्या पानावर गुणाकार केला. पाचशे कोटी रुपयांच्या वर. हंगामात सामने ८२, म्हणजे एका सामन्याचे सहा कोटी. पेन खाली ठेवून ते एवढंच म्हणाले, "चेंडू जाळीत टाकायचे?"

लेक उसळली. "आजोबा, तिथल्याच मुलींच्या लीगमध्ये केटलिन क्लार्कला पहिल्या वर्षी ७६,५३५ डॉलर मिळाले. तेही लिहा ना त्याच पानावर!"

मला दोघांचंही पटलं, म्हणून जास्तच गोंधळले. तर विचारते: या खेळाडूंना त्यांच्या लायकीचं मिळतं का? आणि लायकी मोजायची कशाने? "आधी अभ्यास कर" एवढं सांगून मला सुटायचं नाहीये, पोरीला काहीतरी खरं सांगायचं आहे.

सराफ्यातला_बाळ

माझं सरळ मत आहे: कुणाचीच लायकी पाचशे कोटींची नसते. माझ्या आईला दोन वर्षांपूर्वी सरकारी दवाखान्यात ठेवलं होतं. रात्रपाळीची सिस्टर एकटी तीस खाटा बघत होती. आईची सलाईन संपत आली की न बोलावता हजर व्हायची. तिचा पगार किती, हे मी तिलाच विचारलं होतं, इथे लिहवत नाही. तिच्या पगाराशेजारी हा आकडा ठेवून बघा आणि मग सांगा.

हिशेबनीस

बाळ, त्या सिस्टरबद्दल तुम्ही लिहिलंत ते मनाला लागलं. पण दोन वेगवेगळ्या खिशांचा हिशेब तुम्ही एकत्र करताय.

एनबीएत, म्हणजे करी खेळतो त्या लीगमध्ये, मालक आणि खेळाडूंच्या संघटनेचा करार असतो. बास्केटबॉलमधून जे उत्पन्न येतं त्यातला ४९ ते ५१ टक्के वाटा खेळाडूंचा. २०११ च्या आधी तो ५७ टक्के होता, त्या वर्षीच्या टाळेबंदीनंतर मालकांनी खाली आणला. २०२५-२६ पासून टीव्ही आणि स्ट्रीमिंगचा नवा करार लागू झाला आहे: ११ वर्षं, ७६ अब्ज डॉलर. हे पैसे लोक बघतात म्हणून येतात. करीने उद्या निम्मे घेतले तर उरलेले निम्मे कुठल्याही सिस्टरकडे जाणार नाहीत, संघाच्या मालकाकडे राहतील. म्हणून प्रश्न खेळाडू की सिस्टर असा येतच नाही, खेळाडू की मालक असा येतो.

आता लायकीचं. करीसारख्याला लायकीपेक्षा कमी मिळतं, असं माझं म्हणणं आहे, आणि त्याचं कारण नियमात आहे. २०२५-२६ च्या हंगामात एका संघाच्या पगारांची मर्यादा साधारण १५.४६ कोटी डॉलर. काही सवलतींनी ती ओलांडता येते. पण एका खेळाडूचा नवा करार त्या मर्यादेच्या २५, ३० किंवा फार तर ३५ टक्क्यांवर सुरू होतो, किती वर्षं खेळलाय त्यावर ठरतं. कुणी कितीही भारी असो, त्याच्यापुढे बोली लावता येत नाही.

ही भिंत पूर्वी नव्हती. १९९७-९८ मध्ये मायकल जॉर्डनला ३.३१ कोटी डॉलर मिळाले. त्या वर्षी अख्ख्या संघाची मर्यादा होती २.६९ कोटी! स्वतःच्या जुन्या खेळाडूला मर्यादेबाहेर जाऊन देता येत होतं, म्हणून त्याच्या शिकागो संघाने दिले. पुढच्याच हंगामात मालकांनी टाळं लावलं, हंगाम ५० सामन्यांवर आला, आणि नव्या करारात एका माणसाच्या पगाराला छत बसलं. जॉर्डनचा तो आकडा २०१७-१८ पर्यंत कुणी ओलांडला नाही. त्या हंगामात ओलांडणाऱ्यांत करीच सगळ्यात वर होता.

पोहेजिलेबी

माहितीपूर्ण प्रतिसाद, हिशेबनीस. अनुजाताई, पोह्यांवर जिरावण मसाला होता ना? नसेल तर वाद होणारच.

अनुजा_लोकमान्यनगर

होता हो! आणि वरून बारीक शेव, कांदा, लिंबू. तरी झाला.

पिपनचा_पंखा

हिशेबनीस, जॉर्डनचं नाव निघालं की मला त्याच्या शेजारचा माणूस आठवतो. स्कॉटी पिपन. बारा भावंडांतला धाकटा, घरात वडील आणि एक भाऊ दोघेही चाकाच्या खुर्चीवर. १९९१ मध्ये त्याने लांबचा करार केला, सात वर्षांचे १.८ कोटी डॉलर. घरी पैसे नक्की पोचायला हवे होते, उद्या गुडघा गेला तर काय, ही भीती होती. १९९७-९८ मध्ये शिकागोला सहावं विजेतेपद मिळालं तेव्हा त्याचा पगार होता सुमारे २८ लाख डॉलर. लीगमधल्या शंभराहून जास्त खेळाडूंना त्याच्यापेक्षा जास्त मिळत होते.

करीचंही तसंच. २०१२ मध्ये घोटा सारखा दुखावत होता म्हणून चार वर्षांचे ४.४ कोटी डॉलर घेऊन तो मोकळा झाला. त्या करारावर २०१५ आणि २०१६ असा लागोपाठ दोनदा लीगचा सर्वोत्तम खेळाडू ठरला. २०१६-१७ मध्ये तो स्वतःच्या संघात पगाराने चौथा होता. आज मिळणाऱ्या पैशांत त्या वर्षांची उधारीही धरायला हवी.

खेळाडूची किंमत ठरते ती सही करण्याच्या दिवशी, आणि गरजवंताला त्या दिवशी थांबायला वेळ नसतो. इंदूरच्या मंडीत सोयाबीन घेऊन येणाऱ्या शेतकऱ्याला हे वेगळं सांगावं लागत नाही.

मध्यमवर्गी

उलटी उदाहरणंही आहेत की. २०१६ मध्ये आधीच्या टीव्ही कराराचे पैसे एकदम आले आणि संघाची मर्यादा एका उन्हाळ्यात ७ कोटींवरून ९.४ कोटी डॉलरवर गेली. पैसे होते, पण खेळाडू तेवढेच. टिमोफी मोझगॉव्ह नावाच्या सेंटरला (जाळीजवळ खेळणारा उंच खेळाडू) लेकर्स संघाने चार वर्षांचे ६.४ कोटी डॉलर दिले, आणि एका हंगामानंतर त्याला दुसऱ्या संघाकडे देऊन टाकलं. त्याने काही फसवलं नाही, त्याचा करार नेमका त्या उन्हाळ्यात संपला होता एवढंच. वरच्यांवर छत आहे म्हणून उरलेला पैसा मधल्या फळीत वाहतो. माझ्या मते लीगमध्ये खरोखर जास्त पगार कुणाला मिळत असेल तर या मधल्यांना.

मृण्मयी_बॉस्टन

रामबागेत वाढले, आता अठरा वर्षं इकडे आहे. हिशेबनीस यांना मालकांबद्दल अनुमोदन. आमचा सेल्टिक्स संघ २००२ मध्ये ३६ कोटी डॉलरला विकला गेला होता. २०२५ मध्ये तोच विकला गेला तेव्हा किंमत लागली ६.१ अब्ज. सतरा पट! मधल्या वर्षांत जे पळाले, पडले, ज्यांचे गुडघे कापले गेले, त्यांना या वाढीतला वाटा नाही. त्यांना पगार मिळाला, संघ मालकाचा.

पण बाळ यांचंही मला सोडवत नाही. एकदा नवऱ्याने वाढदिवसाला खालची तिकिटं काढली होती, रिंगच्या अगदी मागे. एवढ्या जवळून टीव्हीवर न दिसणारं बरंच दिसतं. खेळाडू पडला की दोन पोरं टॉवेल घेऊन धावत येतात आणि गुडघ्यांवर बसून घाम पुसतात. घाई असते, कारण तीन-चार सेकंदांत खेळ परत त्यांच्या अंगावर येणार असतो. ओला डाग राहिला तर कोट्यवधींचा घोटा मुरगळेल. त्या संध्याकाळी मी निम्मा वेळ त्या पोरांकडेच बघत होते.

भिया_इंदौरी

बॉस्टन सोडा, आपल्या घरचं बघा! आपला रजत पाटीदार. २०२२ च्या आयपीएल लिलावात त्याला कुणी घेतलंच नाही. नंतर एक खेळाडू जखमी झाला म्हणून बंगळुरूने २० लाखांत बोलावलं. एलिमिनेटरला लखनौविरुद्ध नाबाद ११२! २०२५ साठी त्याच संघाने ११ कोटींना ठेवला, कप्तान केला, आणि त्याच वर्षी बंगळुरूला पहिलं विजेतेपद. आता सांगा, २० लाख खरे की ११ कोटी खरे? माणूस तोच, बॅट तीच.

हिशेबनीस

भिया, फार चांगलं उदाहरण दिलंत. त्याच्या पुढचा हिशेब मी करतो. आयपीएलचे २०२३ ते २०२७ चे प्रसारणहक्क ४८,३९० कोटींना गेले, म्हणजे वर्षाला सरासरी साडेनऊ हजार कोटींच्या वर. २०२५ च्या लिलावात एका संघाची थैली १२० कोटींची होती, दहा संघ मिळून १,२०० कोटी. सामन्यामागचं मानधन वेगळं धरलं तरी खेळाडूंचा वाटा एनबीएच्या निम्म्याच्या आसपाससुद्धा जात नाही. पंतच्या २७ कोटींचे मथळे झाले, हा हिशेब कुणी छापला नाही. एनबीएच्या खेळाडूंनी संघटना बांधली, ऑस्कर रॉबर्टसनने १९७० मध्ये लीगवर खटला भरला, १९७६ मध्ये तडजोड झाली आणि संघ बदलण्याचा मार्ग मोकळा झाला. आपल्याकडे क्रिकेटपटूंची तशी ताकद उभीच राहिली नाही.

रामबागेतले_नाना

धागा वाचतो आहे. वय ७९, टंकायला वेळ लागतो, सांभाळून घ्या.

इंदुरात ही लायकी एके काळी दरबार ठरवत असे. सी. के. नायडू नागपूरचे. १९२३ साली होळकर महाराजांनी त्यांना इकडे बोलावलं आणि फौजेत हुद्दा दिला. कर्नल नायडू म्हणतात ते त्यामुळे. क्रिकेटचा म्हणून पगार नव्हता, फौजेचा होता, पण अन्न क्रिकेटचंच होतं. पुढे मुश्ताक अली, सरवटे, भाऊसाहेब निंबाळकर असे लोक होळकर संघातून खेळले आणि त्या संघाने रणजी करंडक चार वेळा जिंकला. आमचे वडील यशवंत क्लबजवळ उभे राहून नायडूंना नेटमध्ये बघत. सांगायचे, चेंडू बॅटवर बसला की पलीकडच्या झाडावरचे पक्षी उडत.

तेव्हा महाराज होते, आता टीव्ही आहे. फरक मला एवढाच दिसतो की महाराजांनी हुद्दा दिला तो म्हातारपणीही उपयोगी पडे. टीव्ही फक्त खेळतो तोवर देतो. पोरीच्या आजोबांना माझा नमस्कार सांगा, गुणाकार त्यांनी बरोबर केला आहे.

वैदेही_प

नाना, सुंदर लिहिलंत. बाकी सगळ्यांना एक विचारते: अनुजाच्या लेकीने केटलिन क्लार्कचं नाव घेतलं होतं. दहाएक प्रतिसाद झाले, तिच्याबद्दल एका ओळीने तरी कुणी लिहिलं का?

७६,५३५ डॉलर, साधारण पासष्ट लाख रुपये. तेही कॉलेजमध्ये असताना जिचे सामने बघायला अमेरिका टीव्हीपुढे बसली होती तिला. तिच्या आधीच्या पिढीचं तर याहून अवघड. डायना टोरासी २०१५ चा डब्ल्यूएनबीएचा, म्हणजे मुलींच्या लीगचा, हंगाम खेळलीच नाही. तिच्या रशियन क्लबने तिला सांगितलं, उन्हाळ्यात विश्रांती घे, त्याचेही पैसे देतो. तिथला पगार पंधरा लाख डॉलरच्या घरात, घरच्या लीगचा लाखभर. घरी न खेळण्याचे जास्त पैसे! ब्रिटनी ग्रायनर फेब्रुवारी २०२२ मध्ये मॉस्कोच्या विमानतळावर पकडली गेली, डिसेंबरमध्ये सुटली. तीही त्याच क्लबकडे खेळायला चालली होती. घरी पुरेसं मिळत असतं तर जगातल्या इतक्या उत्तम खेळाडू दर हिवाळ्यात परदेशी का गेल्या असत्या?

जुलै २०२५ मध्ये इंडियानापोलिसच्या ऑल-स्टार सामन्याआधी सगळ्याजणी काळे टी-शर्ट घालून मैदानात आल्या. त्यावर लिहिलं होतं, आमचं देणं आहे ते द्या. "जास्त द्या" असं कुठेही नव्हतं. मला तो शब्द फार महत्त्वाचा वाटतो.

हिशेबनीस

वैदेही, चूक मान्य, मी तिला सोडून पुढे गेलो. तरी एक बाजू मांडतो. डब्ल्यूएनबीए १९९७ ची लीग, अनेक वर्षं तोट्यात चालली, एनबीएने पदरचे पैसे घातले. ज्यांनी तोटा सोसला ते आता नफा आधी वसूल करू बघणार.

वैदेही_प

एनबीएसुद्धा पहिली कित्येक वर्षं मोठा धंदा नव्हती. १९८० मध्ये अंतिम फेरीचा सामना रात्री उशिरा रेकॉर्डिंग दाखवून उरकायचे, थेट दाखवायला चॅनेल तयार नव्हतं. मुलांच्या लीगला वाढायला तीस-चाळीस वर्षं दिली. मुलींना पंचविसाव्या वर्षी हिशेब मागायचा? आणि तोटा सोसला असेल तर नफ्यातला टक्का ठरवून द्या. मुलांच्या करारात निम्मा वाटा लिहिलेला आहे, मुलींच्या करारात तसा नव्हता. भांडण तिथे होतं.

सराफ्यातला_बाळ

वैदेही यांचं पटलं. माझं म्हणणं मी मागे घेत नाही, पण थोडं बदलतो. आधी मला पाचशे कोटींचा राग होता. आता वाटतं, राग यायचा तर त्या सिस्टरच्या बाजूने कुणी करार करत नाही याचा यावा.

रेल्वेचा_सेंटर

दोन दिवस लिहू की नको करत होतो. मी खेळलो आहे. विद्यापीठाकडून, मग राज्याकडून, मग स्पोर्ट्स कोट्यातून रेल्वेत लागलो. उंची सहा फूट चार इंच, आपल्याकडे एवढ्यावर सेंटर करतात.

भारतात बास्केटबॉलपटूची लायकी म्हणजे नोकरी. रेल्वे, सैन्यदल, ओएनजीसी, आयकर, बँका, पोलीस. ट्रायलला साठ पोरं येतात, जागा दोन. मला मिळाली तेव्हा आईने घरभर पेढे वाटले, कारण पोरगा खेळून पोटाला लागला. तिकीट तपासनीस होतो, स्पर्धेच्या वेळी खास रजा, कॅम्प. राष्ट्रीय स्पर्धेला आम्ही स्लीपरने जायचो. साईड लोअरला माझे पाय मावायचे नाहीत, बाहेर पॅसेजमध्ये यायचे, चहावाला प्रत्येक फेरीला "भैया, पैर" म्हणायचा. तिसऱ्या दिवशी उतरून दुपारी सामना.

व्यावसायिक लीग आमच्यापर्यंत पोचली नाही. २०१५ मध्ये यूबीए नावाची सुरू झाली, दोन-तीन वर्षांत थांबली. त्याच वर्षी पंजाबच्या बल्लो के गावचा सतनाम सिंग एनबीएच्या डॅलस संघाने ५२ व्या क्रमांकावर निवडला, आम्ही ड्यूटीवर एकमेकांना फोन करून नाचलो होतो. त्यालाही एनबीएचा सामना मिळाला नाही, पुढे तो कुस्तीच्या रिंगणात गेला. कबड्डीने मात्र २०१४ मध्ये लीग सुरू केली आणि ती टिकवली. २०२३ मध्ये पवन सेहरावतला २.६ कोटींच्या वर बोली लागली. कबड्डी आमच्यापेक्षा गरीब खेळ होता, हे लक्षात घ्या. तेव्हा लायकी खेळाडूत असते तशीच कुणीतरी सामने नीट भरवण्यातही असते.

काही वर्षं मी एका खासगी शाळेत संध्याकाळी कोच होतो. दहा महिन्यांचा पगार मिळायचा, उन्हाळ्याचे दोन महिने काही नाही. आणि पोरं तयार होतात ती उन्हाळ्यातच. मी फुकट शिकवलं, त्याचा पश्चात्ताप नाही. पण "तुम्हाला आवडतंच ना" असं व्यवस्थापन म्हणालं, ते अजून टोचतं. आवडतं म्हणून कमी द्यायचं, हा न्याय मला कधी कळला नाही. करीलाही आवडतंच.

अनुजाताई, मुलीला सांगा: पाचशे कोटी आणि पासष्ट लाख हे दोन्ही आकडे तिच्या हातात नाहीत. डावा हात आहे. बहुतेक मुली डावीकडूनही उजव्यानेच लेअप (जाळीपाशी धावत जाऊन टाकलेला चेंडू) टाकतात आणि सोळा वर्षांखालच्या निवडीत तिथेच मागे पडतात. रविवारी सकाळी मी रेसकोर्स रोडच्या कोर्टावरच असतो. घेऊन या.

पिपनचा_पंखा

सेंटरसाहेब, "करीलाही आवडतंच" हे वाक्य मी वहीत उतरवून ठेवलं.

मध्यमवर्गी

विषयांतर होईल, पण इथे जाणकार आहेत म्हणून विचारतो. सिमेंटच्या कोर्टावर मुलाचे बूट चार महिन्यांत झिजतात. काय घ्यावं?

रेल्वेचा_सेंटर

जाड आणि कडक रबराचा तळ बघा, अंगठ्याने दाबून दबला नाही पाहिजे. मऊ, पारदर्शक तळ लाकडी कोर्टासाठी असतो, सिमेंटवर खडूसारखा उतरतो. आणि एक नंबर मोठे घेऊ नका, नखं काळी पडतात.

अनुजा_लोकमान्यनगर

सगळ्यांचे मनापासून आभार. वैदेहीचा प्रतिसाद लेकीने दोनदा वाचला. नानांचा नमस्कार सासऱ्यांना पोचवला, ते खूश झाले. त्यांच्या वडिलांनीही नायडूंना खेळताना पाहिलं होतं, हे मला लग्नानंतर एकवीस वर्षांनी आज कळलं.

आम्ही काल कोर्टावर गेलो होतो. सासरे स्वतःहून म्हणाले, मी पण येतो. पायरीवर बसले, डायरी काढली. सेंटरसाहेबांनी लेकीला डावीकडून पन्नास लेअप टाकायला लावले, फक्त डाव्या हाताने. पहिले सात गेलेच नाहीत, ती रडकुंडीला आली होती. मग एक गेला.

घरी आल्यावर मी डायरी उघडून बघितली. तेच मागचं पान. वर करीचा गुणाकार, त्याखाली ७६,५३५ लिहून ठेवलेलं, तेही नंतर कधीतरी त्यांनीच. आणि त्याखाली पाच-पाचच्या उभ्या रेघा, शेवटी लिहिलंय: ५० पैकी १९.

रेल्वेचा_सेंटर

पहिल्या दिवशी १९ चांगले आहेत. पुढच्या रविवारी साडेसहाला या, ऊन चढायच्या आत. आजोबांनाही आणा, मोजायला माणूस लागतो.